डावं टोक

“जरा सरकता का म्याडम, मशीन पुसायचंय,” गौराबाई म्हणाल्या आणि महेश्वरी सरकली. दोन मशीनं ओलांडून पुढं गेल्यावर तिला कळलं की आपल्याला काहीतरी लागलंय. ठेच लागली तरी माणूस थोडं तसंच चालतं आणि मग अंगठ्यातून कळ वर येते, तसं. तिनं वळून बघितलं. गौराबाई मान खाली घालून चिंधीनं मशीनचं डोकं पुसत होत्या. रोजच्यासारख्याच, आधी वरून, मग चाकाच्या बाजूनं, मग सुईखालच्या पत्र्याच्या खाचेत अडकलेला कापूस नखानं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागाचं काय करायचं ते महेश्वरीला माहीत होतं. सरकता का. म्याडम. शिलाईच्या लाईनीतल्या सगळ्याच बायका तिला मॅडम म्हणायच्या. ती सुपरवायझर झाल्यापासून तसा नियमच होता. पण गौराबाईंनी तो नियम पहिल्याच दिवशी मोडीत काढला होता. मालकांचा मुलगा कृष्णराज त्यांना समजावून गेला होता, की मावशी, कामाच्या जागी एक शिस्त असते. तो दाराबाहेर पडायच्या आत गौराबाई मोठ्यानं म्हणाल्या होत्या, “महे, सर म्हनत्यात तुला म्याडम म्हन. ऐकलंस का गं?” सगळी लाईन हसली होती. महेश्वरीही हसली होती, आणि हसता हसता तिला आतून उबदार वाटलं होतं, की काही झालं तरी या कारखान्याच्या पत्र्याखाली आपल्याला महे म्हणणारं एक माणूस आहे.

मशीनं सुरू झाली. उमरग्याच्या बाहेर हायवेला लागून असलेल्या या शेडमध्ये पूर्वी डाळमिल होती, आणि चैत्राचं ऊन पत्र्यावर चढलं की अजूनही भिंतींतून तुरीच्या टरफलांचा कोंदट वास सुटायचा. आता इथं शाळांचे गणवेश शिवले जात. जूनच्या आधी माल जायला हवा म्हणून हे दिवस सगळ्यांत घाईचे. महेश्वरी मशीनांच्या मधल्या बोळातून फिरत होती, बंडलं उचलत होती, कुणाचा दोरा तुटला तर ओवून देत होती, आणि मनात एकच गोष्ट उलटीपालटी करत होती. चेष्टा असेल. चेष्टा असती तर गौराबाईंच्या ओठाचा कोपरा हलला असता. परवा सुट्टी मागितली होती का त्यांनी? नव्हती. आपण काही बोललो का? आपण तर त्यांना कधीच काही बोलत नाही. या विचारापाशी ती थबकली, पण का थबकली ते तिला कळलं नाही, आणि तेवढ्यात पलीकडून कुणीतरी बॉबिन संपल्याची हाक दिली.

ती पहिल्यांदा इथं आली तेव्हा तिला फक्त घरचं पायमशीन येत होतं. इथल्या मशीनला पाय लागला की ते पिसाळल्यासारखं पळायचं, कापड सुईखालून निसटून जायचं, आणि महेश्वरी घाबरून दोन्ही हात वर करायची. तेव्हा गौराबाई आपलं मशीन बंद करून आल्या, तिच्या शेजारी टेकल्या आणि तिच्या पायावर त्यांनी आपला पाय ठेवला. अनवाणी, भेगांनी खरखरीत झालेली टाच. “निधान, महे, निधान,” त्या कानडीत म्हणाल्या. सावकाश. त्या टाचेच्या दाबाखाली मशीन पहिल्यांदा तिच्या ताब्यात आलं. पण तो दाब जितका मऊ होता तितकी जीभ नव्हती. महेश्वरीनं शिवलेली पहिली कॉलर गौराबाईंनी सगळ्यांसमोर दोन बोटांत धरून उंच केली होती. “ही कॉलर हाय का कुत्र्याचा कान गं? उसव.” दुसरी उसव. तिसरी उसव. संडासात जाऊन महेश्वरी तोंडात पदर कोंबून रडली होती. परत आली तेव्हा तिच्या मशीनवर बायकांनी भाकरीचा तुकडा आणि शेंगाचटणी ठेवलेली होती, आणि गौराबाई तिच्याकडं न बघता म्हणाल्या होत्या, “खा. आन् मग उसव.” ते आठवलं की अजूनही तिच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. सुपरवायझर झाली त्या दिवशी तिनं मनाशी ठरवलं होतं, की आपण कुणाला असं करायचं नाही. कुणाला रडवून काम करून घ्यायचं नाही.

जेवायच्या सुट्टीत बायका बाहेरच्या लिंबाखाली डबे घेऊन बसल्या. गौराबाई नेहमीच्या जागी नव्हत्या. त्या पाण्याच्या टाकीच्या पलीकडं, भिंतीकडं तोंड करून एकट्याच जेवत होत्या. महेश्वरी डबा उघडून तिकडं बघत बसली. शेजारी सोनाली बसली होती, लाईनीतली सगळ्यांत नवी, हातानं चलाख, जिभेनंही. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, “मॅडम, एक सांगू? शनिवारी गौराअक्का सुट्टीत परत आत गेल्या होत्या. चष्मा राहिला म्हणून. दारातनंच माघारी आल्या. चष्मा न घेताच.”

महेश्वरीनं डबा बंद केला. शनिवारी सुट्टीत ती आत एकटीच होती. गौराबाईंच्या बंडलातल्या कॉलरी मांडीवर घेऊन ब्लेडनं उसवत होती.

हे कधी सुरू झालं ते तिला नीट आठवत होतं, आणि आठवायचं नव्हतं. दसऱ्याच्या आधी चेकिंगच्या टेबलावर तिच्या हातात एक कॉलर आली होती. तिचं उजवं टोक सुईच्या अणीसारखं आणि डावं टोक दबलेलं, शिवण आत घुसलेली, जणू कुणी चावा घेतलाय. बंडलावरचं नाव बघून तिला वाटलं, चिठ्ठी चुकली असेल. गौराबाईंची कॉलर म्हणजे नमुना म्हणून भिंतीला टाचून ठेवायची गोष्ट. तिनं कुणाला न दाखवता ती उसवून परत शिवली. दुसऱ्या दिवशी तशा दोन-तीन निघाल्या. मग रोज. नेहमी डावं टोक. तिच्या मनात एकदाही आलं नाही की नेहमी डावंच का. वय झालं, हात थकला, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि सांगितल्यावर तिला एक विचित्र माया वाटू लागली. म्हाताऱ्या आईच्या हातचं खारट कालवण मुलगी न बोलता खाते तशी. कृष्णराजचं म्हणणं होतं की ज्याच्या कॉलरी परत येतात त्याला मशीनवरून उठवून धागे कापायला बसवायचं. धागे कापायच्या टेबलावर ज्यांना मशीन येत नाही अशा बसत. गौराबाईंना तिथं बसलेलं बघणं महेश्वरीला झेपलं नसतं. त्यापेक्षा सुट्टीत चार घास कमी खाल्ले म्हणून काय झालं? कष्टाला ती कधी भीत नव्हती. कष्ट हीच तिला येणारी एक गोष्ट होती; कुणाला काही सांगायची वेळ आली की ती ते काम स्वतःच करून टाकायची. घरी सुद्धा. वजनकाट्यावर नोकरी करणारा तिचा नवरा शिवप्रसाद एकदा तिच्या सुजलेल्या बोटांकडं बघून म्हणाला होता, “सांगून टाक की त्यांना. सांगायला काय लागतंय?” ती म्हणाली होती, “तुम्हाला न्हाय कळायचं.” आणि त्याला कळत नाही याचं तिला थोडं समाधानच वाटलं होतं.

कृष्णराज वाईट माणूस नव्हता. पुण्याला शिकून आला होता, वडिलांसारखा शिव्या देत नव्हता. दर सोमवारी कामाआधी तो सगळ्यांना पॅकिंगच्या मोकळ्या जागेत बसवून थोडं बोलायचा. माणसं सांभाळावी कशी, काम आपलं मानावं कसं. बैलाला मागून हाकतात, माणसाच्या पुढं चालावं लागतं. महेश्वरीला त्यानं बाजूला घेऊन शिकवलं होतं: कौतुक चारचौघांत करायचं, चूक एकांतात सांगायची. तिला ते फार पटलं होतं. तिनं एकांताची वाटही बघितली होती, दिवाळीत, संक्रांतीला, शिवरात्रीला सगळ्या मिळून देवळात गेल्या तेव्हा. दर वेळी गौराबाई काहीतरी हसण्यासारखं बोलायच्या आणि तो एकांत निघून जायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लवकर आली. गौराबाई तिच्याही आधी येऊन मशीनवर बसल्या होत्या. मशीन बंद. मांडीवर एक तयार कॉलर होती आणि त्या तिच्या टोकावरून अंगठा फिरवत होत्या, पहिल्यांदा उजव्या, मग डाव्या. महेश्वरी समोरच्या स्टुलावर बसली. काय बोलायचं ते तिनं वाटेत जुळवलं होतं.

“अक्का,” ती म्हणाली.

“कदीपासनं?” गौराबाईंनी विचारलं. वर न बघता.

“थोडे दिवस झाले.”

“थोडे म्हंजी?”

“दसऱ्याच्या आधीपासून.”

गौराबाईंचा अंगठा थांबला. बाहेर हायवेवर एक ट्रक गिअर बदलत चढावर रेटत होता. मग गौराबाई अगदी साध्या आवाजात, उद्या बाजार आहे का असं विचारावं तशा, बोलू लागल्या. “आमच्या तुरोरीत शाळंची पोरं आपल्या हितले शर्ट घालून दारावरनं जात्यात. म्या वट्यावर बसून बघती. मनात म्हनती, ह्यो माझा, ह्योबी माझा, त्यो फुडं पळतोय त्यो बी माझा. माझं पोरगं तिकडं हैदराबादला गाडी चालवतंय, वर्साला एकदा येतंय. पर ही पोरं रोज जात्यात. लई बरं वाटतंय जिवाला.” त्या थांबल्या. “आता कुनाच्या गळ्यात माझी कॉलर हाय आन् कुनाच्या तुमची, मला कसं कळावं म्याडम?”

महेश्वरी म्हणाली, “तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं अक्का.”

“व्हय. ते कळलं मला.” गौराबाईंनी कॉलर बंडलावर ठेवली. “म्या तुम्हाला कुत्र्याचा कान म्हनलं व्हतं. तुम्हाला वाईट वाटलं व्हतं का न्हाय?”

“वाटलं होतं.”

“मग मला का न्हाय वाटू द्यायचं?”

बायका येऊ लागल्या होत्या. दारात चपलांचा ढीग पडत होता. महेश्वरी उठली. तिला वाटलं, या प्रश्नाला उत्तर आहे, आपण रात्री घरी शांत बसलो की ते सापडेल. पण घरी भाकरी थापताना, भांडी घासताना, शिवप्रसाद तिच्याकडं बघत असताना ते सापडलं नाही. उलट हळूहळू दुसरंच काहीतरी वर येऊ लागलं. सुट्टीत एकटी बसून त्या कॉलरी उसवताना आपल्याला बरं वाटत होतं. ज्या बाईनं तिला उसव म्हटलं होतं, तिचंच आता ती उसवत होती आणि तिला कळूही देत नव्हती. त्यात माया होती, खोटी नव्हती. पण नुसती मायाच होती का? तव्यावरची भाकरी करपली तेव्हा ती भानावर आली.

पुढच्या सोमवारी कृष्णराज नेहमीपेक्षा उत्साहात होता. त्यानं सगळ्यांना बसायला सांगितलं, महेश्वरीला मात्र पुढं बोलावून शेजारी उभं केलं. “मी दर सोमवारी तुम्हाला पुस्तकातलं सांगतो,” तो म्हणाला. “आज आपल्या इथलंच सांगणार आहे. आपण शेडमध्ये कॅमेरे बसवलेत, तुम्हाला माहितीये. परवा मी जुनं रेकॉर्डिंग बघत होतो. जेवायच्या सुट्टीत सगळे बाहेर, आणि मॅडम एकट्या आत बसून काम करतायत. मी मागचे दिवस काढून बघितले. रोज! गौरामावशींच्या कॉलरी बिघडत होत्या, वयामुळं होतं असं, आणि आपल्या मॅडम स्वतःचं जेवण सोडून त्या नीट करून देत होत्या. एक शब्द कुणाला बोलल्या नाहीत.” त्याचा आवाज खरोखर भरून आला होता. “माणसं सांभाळणं म्हणजे काय, ते हे. आपल्या माणसाची चूक आपल्या अंगावर घ्यायची. टाळ्या झाल्या पाहिजेत.”

टाळ्या झाल्या. पहिल्यांदा पॅकिंगवाल्यांनी वाजवल्या, मग मागून, मग सगळ्यांनी. महेश्वरीनं त्या बायकांच्या डोक्यांवरून बघितलं. गौराबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. दोन्ही हात छातीशी आणून त्याही टाळ्या वाजवत होत्या, आरतीला वाजवावं तशा, एका लयीत, समोर बघत. आजूबाजूच्या बायकांची तोंडं एकेक करून त्यांच्याकडं वळली आणि पुन्हा चटकन समोर आली. आता बोलावं, असं महेश्वरीला वाटलं. सर, असं नाही. सर, मी त्यांना सांगायला हवं होतं. वाक्य घशापर्यंत आलं. आणि त्याच वेळी तिच्या लक्षात आलं की आपलं तोंड हसतंय. कुणी कौतुक केलं की हसायचं, या सवयीनं गाल आपोआप वर गेले होते, आणि ते खाली आणायला तिला जमेना. टाळ्या थांबेपर्यंत ती तशीच हसत उभी राहिली.

गौराबाई उठल्या. उठताना खांबाचा आधार घेतला. “सर, मला धागे कापायच्या टेबलावर बसवा,” त्या म्हणाल्या.

“अहो मावशी, तुम्हाला कुणी हलवत नाहीये. मी तर उलट...”

“कुनी हलवत न्हाय. म्याच हलते.”

कृष्णराज क्षणभर गोंधळला, मग त्याला त्यातही काहीतरी चांगलं दिसलं. “बघा,” तो महेश्वरीला म्हणाला, “किती समजूतदारपणा.” गौराबाईंचं मशीन सोनालीला मिळालं. सोनालीनं स्टूल खाली-वर करून बघितलं, बसली, आणि मग उगाचच पदरानं ते मशीन पुसू लागली, जरी ते स्वच्छ होतं.

त्या आठवड्यात लाईन कधी नव्हे इतकी मुकाट चालली. माल वेळेत होत होता. महेश्वरी मागून गेली की बायकांच्या पाठी ताठ व्हायच्या. आता तिला कळत होतं की प्रत्येकीच्या मनात एकच प्रश्न आहे: आपल्याही बंडलातलं काही ही गुपचूप उसवते का? कोंडाबाई म्हणून एक पोक्त बाई बटणं लावायची. तिनं एक दिवस सरळ विचारलं, “म्याडम, माझं काय चुकत आसलं तर सांगत चला हां. कॅमेऱ्यातनं नगं कळाया.” महेश्वरी म्हणाली, “नाही हो, तुमचं चांगलं चाललंय.” कोंडाबाईंनी मान हलवली. त्यांना ते खरं वाटलं नव्हतं, आणि त्यांचं काम खरंच चांगलं होतं. चांगलं म्हणायचा आपला शब्दच आता खोटा झालाय, हे महेश्वरीला त्या मान हलवण्यात दिसलं.

धागे कापायचं टेबल खिडकीजवळ होतं. तिथून जाताना ती गौराबाईंकडं बघणं टाळायची. त्या दिवशी टाळता आलं नाही. गौराबाईंच्या हातात शर्ट होता आणि त्या कैची शोधत होत्या. कैची टेबलावर, त्यांच्या डाव्या कोपरापासून वीतभर अंतरावर, उन्हात चमकत पडली होती. त्यांचा हात उजवीकडं चाचपत गेला, मांडीवर गेला, शर्टाखाली गेला. “माझी कैची कुनी घेतली गं?” त्या म्हणाल्या. शेजारची बाई हसली, “समोरच हाय की अक्का,” आणि कैची सरकवून दिली. गौराबाईंनी ती घेतली, जणू ती आत्ताच तिथं उगवली.

महेश्वरी उभी राहिली. मग एकामागून एक आठवू लागलं: गेल्या महिन्यात दाराच्या चौकटीला लागलेला त्यांचा डावा खांदा आणि बायकांचं हसणं. डाव्या बाजूनं हाक मारली की दचकणं. पाण्याचा सांडलेला तांब्या. आणि कॉलरी, ढीगभर कॉलरी, सगळ्यांचं डावं टोक चावल्यासारखं. ते सगळं तिच्या हातातून गेलं होतं. रोज, एकेक करून, तिनं ते उसवलं होतं.

या वेळी तिनं एकांत शोधला नाही. टेबलाजवळ जाऊन ती म्हणाली, “अक्का, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही.”

कात्र्या थांबल्या.

“दिसतंय की,” गौराबाई म्हणाल्या. “तुम्ही दिसताय. खिडकी दिसतीया.”

“समोरचं दिसतंय. डावीकडचं नाही. तुमच्या कॉलरी डाव्या टोकालाच बिघडत होत्या. सगळ्या. ते वयामुळं नाही. डोळ्यांमुळं आहे.” तिचा आवाज नको इतका मोठा निघत होता, तिला तो खाली आणता येत नव्हता. “उद्या डॉक्टरकडं जाऊ. मी येते.”

गौराबाईंचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी एक गोष्ट केली. मान सरळ ठेवून डावा हात हळूहळू बाजूला नेला, बोटं हलवत, आणि तो कुठं नाहीसा होतो ते बघितलं. परत आणला. परत नेला. सगळ्या बायका बघत होत्या.

“चला,” त्या म्हणाल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना बसस्टँडच्या पुढं हायवेलाच होता. यंत्राच्या कपात हनुवटी ठेवून गौराबाई बसल्या, ठिपका चमकला की बटण दाबायचं. महेश्वरी मागं खुर्चीवर बसून ते बटण ऐकत होती. टक. टक. मग बराच वेळ काहीच नाही. आत कुठंतरी ठिपके चमकत असणार, आणि बटण वाजत नव्हतं. तिला वाटलं, आपण उठून त्यांच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून ते दाबावं. तिनं स्वतःचे हात मांडीखाली घातले.

डॉक्टर तरुण होते, बोलायला शांत. काचबिंदू आहे, डाव्या डोळ्यात जास्त, ते म्हणाले. यात समोरची नजर शेवटपर्यंत राहते, बाजूची हळूहळू जाते, म्हणून माणसाला स्वतःला समजत नाही. जे गेलं ते परत येत नाही. थेंब रोज घालायचे, न चुकता, म्हणजे उरलंय ते टिकेल. “लवकर आला असतात तर बरंच वाचलं असतं,” ते लिहिता लिहिता म्हणाले. “काय काम करता?”

“शिवनकाम.”

“बारीक काम. मग चुका झाल्या असतील ना? शिवण वाकडी जाणं वगैरे? तेव्हा लक्षात नाही आलं?”

गौराबाईंनी मान वळवली, पूर्ण, डावीकडं, जिथं महेश्वरी बसली होती तिथपर्यंत, आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या. डॉक्टरांनीही लिहायचं थांबून तिच्याकडं बघितलं.

“होत होत्या चुका,” महेश्वरी म्हणाली. “दसऱ्याच्या आधीपासून. मी त्यांना कळू दिलं नाही. मी उसवून परत शिवत होते.”

“का?” डॉक्टरांनी विचारलं. त्यात ठपका नव्हता, त्यांना खरंच कळलं नव्हतं.

थोड्या वेळानं डॉक्टरांनी पुन्हा पेन उचललं आणि थेंब कसे घालायचे ते गौराबाईंना समजावून सांगितलं, दोनदा.

बाहेर ऊन पांढरं झालं होतं. तुरोरीकडं जाणाऱ्या जीपा रस्त्याच्या पलीकडं उभ्या राहत. थेंबांची बाटली गौराबाईंनी मुठीत घट्ट धरली होती. त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर महेश्वरीला काहीतरी करता आलं असतं, पाणी आणता आलं असतं. दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. सोलापूरकडून, हैदराबादकडून ट्रक, टँकर, यात्रेच्या बसगाड्या, सगळं एकमेकांच्या अंगावर आल्यासारखं धावत होतं. रिकामी जागा दिसताच महेश्वरीनं त्यांचं कोपर धरलं, पोरीला धरावं तसं, आणि त्यांना घेऊन दुभाजकापर्यंत पळाली.

तिथं पोचल्यावर गौराबाईंनी कोपर सोडवून घेतलं. झटकलं नाही, एकेक बोट काढलं.

“धरू नका,” त्या म्हणाल्या. “सांगा.”

“अक्का, इकडची गाडी डावीकडनं येते.”

“म्हनून तर म्हनते. म्या म्हातारी झाले तरी पाय चालत्यात. काय येतंय तेवढं सांगा. तुम्ही हितंच ऱ्हावा, तुम्हाला माघारी कामावर जायचंय.”

त्या दुभाजकाच्या कडेशी जाऊन उभ्या राहिल्या, पदर खोचून, तोंड सरळ पलीकडच्या जीपांकडं. महेश्वरीनं डावीकडं बघितलं. इतकं कधी कशाकडं बघितलं नव्हतं. उन्हाच्या झळांत दूरच्या गाड्या पाण्यातून आल्यासारख्या हलत होत्या, कुठली जवळ आणि कुठली लांब ते ठरत नव्हतं. “थांबा,” ती म्हणाली. “टँकर आहे.” टँकर गेला, त्याच्या वाऱ्यानं दोघींची लुगडी फडफडली. “थांबा. अजून एक बस.” बस गेली. मागं एक मोटारसायकल होती, ती वळून पेट्रोलपंपात शिरली. मग रस्ता मोकळा दिसला. दिसला, की आहे? तिनं पुन्हा बघितलं. यात चूक झाली तर ती उसवता येणार नव्हती.

“आता,” ती म्हणाली. “चला.”

गौराबाईंनी मान वळवली नाही. तिनं चला म्हटलं आणि त्या उतरल्या, आणि डांबरावर घाई न करता चालू लागल्या.